ऐकण्याचा तास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलेले आहे. व्यासपीठावरून ते वारंवार उच्चारलेले त्यांना रुचले नसते; म्हणून मी त्यांना नुसते गुरुजी म्हणेन. तुम्हीही त्यांना तसेच म्हणत होता. मराठीचा प्राध्यापक बोलावला म्हणजे तो संतसाहित्यावर किंवा कवितेवर बोलणार, ही श्रोत्यांची अपेक्षा रास्तच असते. मी मात्र आज शाळेतल्या मुलांच्या कानांविषयी बोलणार आहे. संगीतशास्त्रात मला गती नाही. मी केवळ ऐकणारा आहे. परंतु गुरुजींनी आयुष्यभर गाणारे घडवण्यापेक्षा ऐकणारे घडवण्याचाच ध्यास घेतला होता. तेव्हा त्यांच्या नावाने बोलण्याचा थोडा अधिकार मलाही पोहोचतो.

प्रारंभ एका आठवणीने करतो. साल १९५९ असावे. मी चौथीत होतो. एके दिवशी मधल्या सुटीनंतर आम्हाला सभागृहात सतरंजीवर बसवण्यात आले. एक वयस्क व्हायोलिनवादक आले होते. ध्वनिक्षेपक नव्हता, हारतुरे नव्हते, प्रमुख पाहुणे नव्हते. ते आमच्यापासून चार हातांवर बसले आणि वाजवू लागले. कोणता राग होता ते मला ठाऊक नाही. दहा-बारा मिनिटे झाली असतील, तोच तार तुटली. आम्ही हसलो. शिक्षकांनी डोळे वटारले. वादक मात्र आमच्याबरोबर हसले. त्यांनी अर्धवट राहिलेली ओळ गळ्याने पुरी केली, तबलजींना ठेका चालू ठेवायला सांगितले, खिशातल्या पुडीतून नवी तार काढली, खुंटीला गुंडाळली, आमच्यादेखत सुरात आणली, आणि जेथे तुटले होते तेथूनच पुढे निघाले. सारे सभागृह स्तब्ध झाले. त्या दिवशी मला संगीत कळले असे मी म्हणणार नाही. पण मोठ्या माणसाच्या हातूनही काही तुटते, ते लपवावे लागत नाही, आणि तुटल्या जागेपासून पुढे जाता येते, हे मी प्रथम त्या सतरंजीवर पाहिले. कोणत्याही क्रमिक पुस्तकात मला हा धडा मिळाला नाही.

याच आठवणीच्या शेजारी मला दुसरी, माझ्या नामुष्कीची, ठेवायची आहे. पस्तीसएक वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या सल्लागार समितीवर होतो. शाळेचे नाव येथे अप्रस्तुत आहे. दोष शाळेचा नव्हता, माझा होता. दहावीचा निकाल घसरला होता. संगीताचे आठवड्याला दोन तास होते, ते गणिताला द्यावेत असा प्रस्ताव आला. मी त्याला नुसता पाठिंबा दिला नाही. त्याच्या बाजूने दहा मिनिटे भाषण केले. ‘सगळीच मुले काही गवई होणार नाहीत,’ हे माझे वाक्य सर्वांना पटले. गुरुजींना त्या बैठकीला जाणकार म्हणून पाचारण केले होते. ते वाद घालणाऱ्यांतले नव्हते. उठता उठता त्यांनी एवढेच विचारले, “मग मुलं एकमेकांचं ऐकणार कधी?” त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजा.

सगळीच मुले गवई होणार नाहीत, हा आक्षेप या शहराने फार पूर्वी ऐकला होता आणि फार पूर्वी निकालात काढला होता. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली आणि ती मौलाबक्षांच्या हाती सोपवली. आज विद्यापीठाची संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवणारी जी विद्याशाखा सुरसागराच्या काठी उभी आहे, तिचे मूळ या शाळेत आहे. या घटनेचे मोठेपण कळण्यासाठी तो काळ आठवावा लागेल. गाणे ही तेव्हा घराण्यांची मिरास होती. शिष्याने उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे राबावे, मर्जी संपादन करावी आणि मग कुठे एखादी चीज पदरात पडावी, अशी रीत होती. सभ्य घरातल्या मुलाने गाणे शिकणे कमीपणाचे मानले जाई. मुलींची तर गोष्टच नको. अशा काळात मौलाबक्षांनी स्वरलिपी सिद्ध केली, शाळेत चालतील अशी पुस्तके तयार केली, आणि गाणे हे भूगोल-गणितासारखे वर्गात बसून, पायरीपायरीने शिकता येते हे दाखवले. ज्या राज्यकर्त्याने १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच्याच दृष्टीत हे बसणारे होते. अक्षरावर जसा सर्वांचा हक्क, तसाच स्वरावरही.

मौलाबक्षांचे घरच एक शाळा होते. त्यांचे नातू इनायत खान येथेच १८८२ साली जन्मले, याच गायनशाळेत शिकले, तेथेच शिकवू लागले, आणि १९१० साली वीणा घेऊन पश्चिमेकडे गेले. जग त्यांना सूफी उपदेशक म्हणून ओळखते. मौलाबक्षांचे चिरंजीव अलाउद्दीन खान लंडनला जाऊन पाश्चात्य संगीत शिकून आले. म्हणजे बीन आणि बँड या दोघांना एकाच अंगणात नांदू देण्याचे औदार्य बडोद्याने दाखवले. मार्च १९१६ मध्ये पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही येथेच. आणि याच नगरीत राजगायक म्हणून उस्ताद फैयाज खान यांची हयात गेली. १९५० साली त्यांनी देह ठेवला तोही येथेच.

येथवरचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यात एक गाठ आहे, ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्वरलिपीने दार उघडले हे खरे. पण त्या दारातून सर्वच काही आत आले नाही. कागदावर बंदिश उतरते, उपज उतरत नाही. फैयाज खानांची नोमतोम कोणी स्वरांकित करून फळ्यावर लिहिली असती, तर फळा भरला असता, मुलांचे कान रिकामेच राहिले असते. ‘सा रे ग म’ घोकून घेणारी शाळा आणि समोर बसून क्षणोक्षणी निर्णय घेणारा कलावंत, या दोन्हींची मुलाला गरज असते. वर्ग चालवणे सोपे, परीक्षा घेणे सोपे. म्हणून आपण पहिली गोष्ट ठेवली आणि दुसरी हळूहळू सोडून दिली. पुढे पहिलीही गेली. माझ्यासारख्यांनी ती घालवली.

आता मी तुम्हाला थोडे लांब नेणार आहे. ज्या संगीतात ही उपजच सर्वस्व आहे असे एक संगीत आपल्याकडे नाही, दूर अमेरिकेत जन्मले. त्याला जॅझ म्हणतात. बडोद्याच्या मराठी शाळेत जॅझची कथा कशाला, असे मनात आले असेल, तर थोडा धीर धरावा. १९७८ साली प्रबंधाच्या कामासाठी मी मुंबईच्या ग्रंथालयांतून हिंडत होतो. त्या वर्षी निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली. एक मित्र मला ओढून घेऊन गेला. गोंगाट ऐकायला मिळेल अशा तयारीने मी गेलो होतो. प्रत्यक्षात काय पाहिले? प्रथम साऱ्यांनी मिळून एक ठरलेली धून वाजवली, आपल्या बंदिशीसारखी. मग त्याच धुनेच्या आवर्तनांवर एकेक वादक पुढे आला आणि आपले म्हणणे मांडू लागला. बाकीचे साथीला मागे सरले. एकाने एखादी जागा घेतली की दुसरा ती उचलून निराळ्या अर्थाने परत करी. मध्येच दोघांची नजरानजर होई आणि दोघेही हसत. ती नजर मी ओळखली. समेवर येताना गवई आणि तबलजी एकमेकांकडे जसे पाहतात, तीच ती. आपले गाणे रागाच्या चौकटीत चालते, त्यांचे स्वरसंघातांच्या. चौकटी निराळ्या, पण चौकट पाळून त्या क्षणी स्वतःचे वाक्य बोलायचे, हा धर्म एकच.

या संगीताची कुळकथा शाळामास्तरांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. गुलामगिरीत पिचलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांमधून, न्यू ऑर्लिन्स शहरात, ते आकाराला आले. त्याच शहरात १९०१ साली लुई आर्मस्ट्राँग हा मुलगा अठरा विश्वे दारिद्र्यात जन्मला. ३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री, नववर्षाच्या जल्लोषात, त्याने रस्त्यावर पिस्तुलाचा बार काढला. पोलिसांनी पकडले आणि अनाथ व वाया गेलेल्या कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात त्याची रवानगी झाली. त्या सुधारगृहात मुलांचा एक बँड होता आणि पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक तो चालवीत. त्यांनी या पोराच्या हाती आधी साधी तालवाद्ये दिली, मग बिगुल, मग कॉर्नेट. आणि अखेर बँडचे नेतृत्वही त्याच्याकडे सोपवले. १९१४ साली तो बाहेर पडला. पुढे साऱ्या जगाने त्याचे वादन ऐकले. सुधारगृहाच्या सल्लागार समितीत माझ्यासारखा कोणी असता आणि ‘ही मुले काही वादक होणार नाहीत, त्यांना सुतारकाम शिकवा’ असे म्हणाला असता, तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बरे, ही कथा तिकडेच राहिली असेही नाही. गोव्याच्या गावोगावी चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी परंपरा होती. उपासनेला वादक हवेत, एवढाच मूळ हेतू. पण त्या शाळांतून शिकलेली मुले पोटासाठी मुंबईला आली. १९३० च्या दशकात आणि त्यानंतर मुंबईच्या बड्या हॉटेलांतून अमेरिकी कृष्णवर्णीय वादक येऊन वाजवू लागले. त्यांचे ऐकून या गोवेकरांनी जॅझ आत्मसात केले, आणि दिवसा हेच लोक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. आल्दोन्याचे अँटोनियो झेवियर वाझ, ज्यांना सारे चिक चॉकलेट म्हणत, ते तर भारताचे आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात. त्यांची गाठ पडली ती सी. रामचंद्रांशी, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांशी. चितळकर शिकले विनायकबुवा पटवर्धनांकडे, विनायकबुवा हे विष्णु दिगंबरांचे शिष्य, आणि विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणे सर्वसामान्यांच्या घरात नेले. एकाच्या पाठीशी चर्चची शाळा, दुसऱ्याच्या पाठीशी गांधर्व महाविद्यालय. या दोन शाळांची भेट १९५१ च्या ‘अलबेला’त झाली. भगवानदादांचे नाच पाहून ज्यांनी चित्रपटगृहात ताल धरला, त्यांनी नकळत न्यू ऑर्लिन्सच्या सुधारगृहातल्या त्या शिक्षकाचे ऋण मान्य केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हेही त्याच परंपरेतले. प्यारेलाल त्यांच्याजवळ व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या एका लोकप्रिय गाण्यात गुरूचे नाव गुंफून त्यांनी गुरुदक्षिणा दिली. आपण ते गाणे विनोदी म्हणून ऐकतो; ते एका शिक्षकाचे स्मारक आहे.

आणखी एकच उदाहरण देतो. मंगळुरूकडचे कद्री गोपालनाथ हे नागस्वर वाजवणाऱ्याचे चिरंजीव. मैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन प्रत्यक्ष ऐकला आणि त्या वाद्याने त्यांना झपाटले. जॅझच्या त्या पितळी वाद्यावर त्यांनी कर्नाटक संगीत उतरवले आणि २०१९ साली निधन होईपर्यंत त्याच वाद्याची सेवा केली. संस्थानी बँड मैसूरला होता तसा बडोद्यालाही होता. येथे त्या बँडपुढे उभे राहून किती मुलांचे कान उघडले असतील, याची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार?

या सर्व कथांतून मला जे दिसते ते असे. मुलाला जिवंत कला दाखवण्याचा हेतू कलावंतांची भरती करणे हा नाही. हजारांत एखादा आर्मस्ट्राँग निघेल; उरलेल्या नऊशे नव्याण्णवांसाठीच हा उद्योग आहे. त्यांना काय मिळते? मी भाषेचा मास्तर, म्हणून भाषेच्याच दृष्टान्ताने सांगतो. चाळीस वर्षे मी उत्तरपत्रिका तपासल्या. कवितेचे रसग्रहण लिहा म्हटले की दोनशे मुले एकच रसग्रहण लिहीत, कारण मार्गदर्शिका एकच. व्याकरण चुकलेले नसे; स्वतःचे वाक्य मात्र नसे. आपण मुलांना बंदिश पाठ करायला लावली होती आणि उपजेची भीती घातली होती. ज्याने नियम जाणणाऱ्या माणसाला त्या नियमाच्या आत मोकळेपणाने फिरताना एकदा तरी समोर पाहिले आहे, त्याला ठाऊक असते की नियम ही भिंत नाही, अंगण आहे. हे सांगून कळत नाही. चार हातांवर बसून पाहावे लागते. ध्वनिमुद्रिकेत ते दिसत नाही, कारण तिच्यात निर्णय आधीच झालेला असतो. हल्ली प्रत्येक मुलाच्या खिशातल्या फोनवर जगातले सारे संगीत आहे, आणि तरीही वादकाच्या कपाळावरचा घाम त्याने पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट गुरुजींच्या प्रश्नातली, एकमेकांचे ऐकण्याची. जॅझच्या मेळात ज्याची पाळी नसते, त्याचेच काम अवघड असते. त्याने गप्पही राहायचे नसते आणि मध्येही यायचे नसते; दुसरा काय म्हणतो ते ऐकून त्याला उचलून धरायचे असते. आपल्या कीर्तनात टाळकरी हेच करतो. हे शिक्षण शहराला किती आवश्यक आहे, हे मी बडोदेकरांना सांगायला नको. ज्या फैयाज खानांच्या नावावर आपण अभिमानाची भाषणे करतो, त्यांच्या कबरीची २००२ साली याच शहरात नासधूस झाली. ज्यांनी ती केली, त्यांनी त्यांचे गाणे कधी ऐकले असेल का? ऐकणारा माणूस हिंसा करीत नाही असा भाबडा सिद्धांत मी मांडत नाही. इतिहास त्याला साक्ष देत नाही. पण ज्या मुलाने शाळेच्या सतरंजीवर बसून परक्याचा स्वर शांतपणे ऐकला आहे, त्याच्या मनात त्या माणसासाठी निदान एक जागा तयार झालेली असते. शाळेच्या हाती तेवढेच असते, आणि तेवढे तरी तिने करावे.

हे कसे करावे, याचे दाखले आहेत. न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संचालक लिओनार्ड बर्नस्टाईन १९५८ पासून १९७२ पर्यंत मुलांसाठी मैफली करीत. ते वाजवून दाखवीत, थांबून समजावीत, पुन्हा वाजवीत. जॅझलाही त्यांनी तेथे मानाचे पान दिले. आपल्याकडे १९७७ साली डॉ. किरण सेठ यांनी दिल्लीत ‘स्पिक मॅके’ची चळवळ सुरू केली आणि थोर थोर कलावंत शाळा-महाविद्यालयांच्या जमिनीवर येऊन बसले. म्हणजे वाट नवी नाही, चालणारे हवेत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे मी एक साधी योजना ठेवतो. महिन्यातून एक तास. सभागृहात सतरंजी, मुलांपासून चार हातांवर कलावंत, ध्वनिक्षेपक शक्यतो नाही. हार नाहीत, प्रास्ताविक नाही, आभारप्रदर्शनही नाही. अर्धा तास गाणे-वाजवणे आणि उरलेला वेळ मुलांचे प्रश्न. कितीही बाळबोध असोत. कधी पेटी-तबला, कधी सारंगी, कधी गरब्याचा ढोल, कधी गोव्याकडचा किंवा मुंबईचा एखादा सॅक्सोफोन वाजवणारा. त्याने एक धून वाजवावी आणि मुलांना टाळीचा ठेका धरायला लावून तिच्यावर आपली वाक्ये रचून दाखवावीत. मग एखाद्या मुलाला चार मात्रांची जागा मोकळी सोडावी. त्या चार मात्रांत मूल काय करील हे आपल्याला ठाऊक नाही, आणि हेच त्या तासाचे मोल आहे. या तासाची परीक्षा घेऊ नये. गुण देऊ नयेत. मात्र कलावंताला बिदागी अवश्य द्यावी. ‘मुलांसाठीच तर आहे’ असे म्हणून कलावंताला फुकट राबवणे, हा आपला जुना आणि लाजिरवाणा रिवाज आहे.

त्या बिदागीची सोय म्हणून आजच्या व्याख्यानाचे मानधन मी मुख्याध्यापिका बाईंच्या स्वाधीन केले आहे. रक्कम लहान आहे. एका व्हायोलिनवादकाचा एक तास आणि तुटलीच तर एक तार, एवढे तिच्यात बसेल. गणिताला दिलेले ते दोन तास मला परत आणता येणार नाहीत. त्या वर्गातली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. पण त्यांची मुले याच शाळेत असतील, तर त्यांच्यासाठी महिन्याचा एक तास मागण्याचा मला संकोच वाटत नाही.

“मग मुलं एकमेकांचं ऐकणार कधी?” गुरुजी, तारीख तुमच्या शाळेने ठरवावी. सतरंजी घालायला मी येईन.